एसी दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? सांगली-साताऱ्याचा हिशेब

एसी बिघडला की दुकानदार वीजबचतीचा आकडा पुढे करतो आणि मिस्त्री म्हणतो, गॅस भरून देतो. दोघांचं ऐकण्याआधी हा हिशेब मांडा. स्टार लेबलवरचे वर्षाचे युनिट 1600 तासांच्या वापरावर काढलेले असतात. सांगली-मिरजेत घरातला एसी मार्चअखेरपासून मृगापर्यंत, रोज रात्री आठ तास धरले तर 600 तासांच्या आसपास चालतो. साताऱ्यात त्याहून कमी. समजा जुन्या दीड टनी नॉन-इन्व्हर्टरच्या (कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालणाऱ्या एसीच्या) लेबलवर 1200 युनिट आहेत आणि नव्या फाइव्ह स्टार इन्व्हर्टरच्या 800. फरक 400 चा दिसतो, पण 600 तासांना तो 150 च उरतो. युनिटला 12 रुपये धरले तर वर्षाला 1800 रुपये. 45 हजारांचा एसी नुसत्या बिलातून भरून निघायला 25 वर्षं लागतील.

म्हणून घरासाठी बचतीपेक्षा बिघाड काय आहे ते महत्त्वाचं. दिवसभर एसी लागणाऱ्या दवाखान्याचं किंवा दुकानाचं गणित वेगळं. तिथे 2400 तासांना 600 युनिट वाचतात, वर व्यापारी दरही चढा. तिथे नवा घेणं लवकर परवडतं.

कपॅसिटर, सेन्सर, फॅन मोटर गेली असेल तर दुरुस्तीच करा. बाहेरचं युनिट नुसतं घुमतं, कॉम्प्रेसर उचलत नाही, तर आधी कपॅसिटर बघायचा. त्यावर 45 मायक्रोफॅरड छापलेलं असतं आणि मीटर 30 दाखवतो, किंवा वरचं टोपण फुगलेलं असतं. काही शे रुपयांचं काम. शेतीपंपांच्या फीडरवर व्होल्टेज पडतं तिथे हा बिघाड जास्त. स्टॅबिलायझर नसेल तर नवा एसीही त्यातून सुटणार नाही.

सगळ्यात जास्त पैसा गॅसमध्ये वाया जातो. गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. पाइपच्या फ्लेअर नटाजवळ, म्हणजे तांब्याचा पाइप युनिटला जोडणाऱ्या नटाजवळ, बोट फिरवा. तेलकट, धूळ चिकटलेला काळा डाग लागला तर गळती बहुधा तिथेच, कारण गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं. नट खोलून नवी फ्लेअर (पाइपचं पसरट तोंड) केली की काम भागतं. पण काम क्रमाने व्हायला हवं: नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने तपासणी, मग पंप लावून अर्धा तास व्हॅक्यूम (पाइपातली हवा आणि ओल काढणं), शेवटी युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस, काट्यावर तोलून. नुसता गेज बघून टॉप-अप करणाऱ्याला परत पाठवा, पुढच्या उन्हाळ्यात तोच खर्च पुन्हा येतो. गळती आतल्या कॉइललाच असेल आणि एसी आठ वर्षांच्या पुढचा असेल, तर मात्र कॉइल बदलण्याचा खर्च सहसा पटत नाही.

पट्टीवर आर-22 लिहिलं असेल तर निर्णय सोपा. हा गॅस ओझोनला घातक म्हणून भारतात 2030 पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होतोय. अशा मशीनमध्ये कॉम्प्रेसर किंवा कॉइल गेली तर पैसे घालू नका. कोणी त्यात आर-32 भरून देतो म्हटलं तर साफ नकार द्या. त्याचा दाब बराच जास्त असतो आणि तो ज्वलनशीलही आहे.

कॉम्प्रेसर गेला असेल तर आधी वॉरंटी कार्ड शोधा. कॉम्प्रेसरची वॉरंटी पाच-दहा वर्षांची असते, पण बहुतेक वेळा फक्त भागाची. गॅस, मजुरी, वाहतूक आपल्याकडेच. वॉरंटीत असेल तर बदला. वॉरंटी संपली असेल आणि वाइंडिंग जळून तेल आंबूस झालं असेल, तर पाइपलाइन धुणं आणि नवा ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा भाग) आला. तोवर बिल नव्या एसीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पोचतं. अशा वेळी नवा घेणंच शहाणपणाचं. इन्व्हर्टरचा पीसीबी (इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेला तर कंपनीचा भाव आणि बोर्ड दुरुस्त करणाऱ्याचा भाव दोन्ही विचारा, फरक मोठा असतो.

2019 आणि 2021 च्या पुरात सांगलीच्या गावभागासारख्या सखल भागात बाहेरची युनिटं पाण्यात गेली. अशा युनिटला वीज देऊन बघायचं नाही. आधी गाळ धुऊन, वाळवून, वाइंडिंगचं इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) तपासायचं. बोर्डात गाळ शिरलेला इन्व्हर्टर सहसा टिकत नाही. जुना नॉन-इन्व्हर्टर मात्र कपॅसिटर आणि काँटॅक्टर (वीज चालू-बंद करणारा स्विच) बदलून उभा राहू शकतो.

कारखान्यांच्या गाळप हंगामात उसाच्या पाचटाची काजळी बाहेरच्या कॉइलवर बसते आणि एसी थंड करत नाही. निर्णय घेण्याआधी फेब्रुवारीत कॉइल पाण्याने धुऊन बघा.