दानीएलची चार श्वापदं : चौथं ग्रीस धरायचं की रोम?

चर्चच्या यूथ मीटिंगला बायबलमधलं दानीएल ७, म्हणजे दानीएलच्या पुस्तकाचा सातवा अध्याय, घ्यायचं ठरलं की पोरं आधी चार्ट शोधतात. नेटवर दोन प्रकारचे सापडतात, दोन्हीत पहिला सिंह म्हणजे बाबेल (बॅबिलोन), तिथे भांडण नाही, पण शेवटच्या प्राण्याखाली एकात रोम लिहिलंय आणि दुसऱ्यात ग्रीस. मग रात्री दहाला फोन, दादा उद्या कुठला लावू. हा फोन मला तीन-चार वेळा आलाय, दर वेळी अर्धवट उत्तर दिलंय, म्हणून आता एकदाचं लिहून टाकतो.

अध्याय थोडक्यात. बेलशस्सर राजाच्या पहिल्या वर्षी दानीएलला स्वप्न पडतं, समुद्र खवळलाय आणि त्यातून एकामागून एक चार श्वापदं वर येतात. गरुडाचे पंख असलेला सिंह, एका बाजूवर उचललेलं अस्वल ज्याच्या दातांत तीन फासळ्या आहेत, चार पंख आणि चार डोक्यांचा चित्ता, आणि चौथं ज्याला कुठल्याच प्राण्याचं नाव दिलेलं नाही, नुसतं भयंकर, लोखंडी दात, दहा शिंगं. त्या दहांत एक लहान शिंग फुटतं, तीन शिंगं उपटतं, त्याला माणसासारखे डोळे आणि फुशारक्या मारणारं तोंड. मग पुराणपुरुष आसनावर बसतो, श्वापदाचा नाश होतो आणि मानवपुत्रासारखा कोणीएक मेघांवरून येतो. देवदूत दानीएलला सांगतो की ही चार राज्यं आहेत. कुठली ते मात्र सांगत नाही, आणि आपला सगळा वाद तिथूनच सुरू होतो.

रोमवाल्यांचा क्रम बाबेल, मेदी-पारसी (जुन्या इराणातल्या दोन सत्ता) मिळून एक, ग्रीस, रोम. ग्रीसवाल्यांचा क्रम बाबेल, मेदी, पारसी, ग्रीस. म्हणजे खरा प्रश्न चौथ्या प्राण्याचा नाहीच, दुसऱ्याचा आहे, मेदी आणि पारसी एक धरायचे की दोन. एक धरले की चौथ्या जागेवर आपोआप रोम येतं, दोन धरले की ग्रीस. बरेच जण चौथ्यावरच तासभर वाद घालत बसतात आणि अस्वलाकडे कोणी बघत नाही.

अस्वलाच्या बाबतीत रोमवाल्यांची बाजू भक्कम आहे हे मोकळेपणी मान्य करायला हवं. आठव्या अध्यायात दोन शिंगांचा एडका येतो, एक शिंग दुसऱ्यापेक्षा उंच आणि ते मागून वाढलेलं, आणि तिथे देवदूत चक्क नाव घेतो, मेदी व पारसी यांचे राजे. एकच प्राणी, दोन शिंगं. त्या एडक्याचं उंच शिंग आणि या अस्वलाची उचललेली बाजू छान जुळतात. शिवाय भिंतीवरच्या लिखाणाच्या गोष्टीत पाचव्या अध्यायात राज्य मेदी व पारसी यांना दिलं असं एका दमात म्हटलंय, सहाव्यात कायदासुद्धा मेदी-पारसींचा एकत्रच. पुढे चित्त्याची चार डोकी बघा. आठव्यातला बकरा म्हणजे ग्रीस, तेही नाव घेऊन सांगितलंय, त्याचं मोठं शिंग मोडतं आणि जागी चार येतात. सिकंदर इ.स.पू. ३२३ ला बाबेलमध्येच मेला आणि सेनापतींच्या मारामारीत राज्याचे तुकडे पडले, कसांदर, लिसिमाखस, टॉलेमी, सेल्युकस अशी चार नावं नेहमी सांगतात. चार पंखांचा झपाटा आणि चार डोकी, चित्ता ग्रीसच वाटतो. ग्रीसवाल्यांना इथे चित्त्याला पारस म्हणावं लागतं आणि चार डोकी म्हणजे चार पारसी राजे असं ओढूनताणून बसवावं लागतं, त्यासाठी अकराव्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनाचा आधार देतात, पण डोळ्यांना ते पटकन पटत नाही.

तीन फासळ्यांचं जरा विषयांतर. रोमवाले सांगतात लुदिया, बाबेल आणि मिसर (इजिप्त), पारसी राजांनी जिंकलेली तीन राज्यं, लुदियाची राजधानी सार्डिस इ.स.पू. ५४६ च्या सुमारास, बाबेल ५३९, मिसर ५२५. असेलही. मुरूड-जंजिऱ्याच्या दरवाजावर पंज्यांत हत्ती धरलेलं जे शिल्प आहे ते बघताना गाईड लगेच हत्ती मोजून कुठला हत्ती म्हणजे कुठली सत्ता ते सांगायला लागतो ना, तसलाच हा प्रकार. राज्याला प्राणी करून दाखवणं आणि हरलेल्याला त्याच्या तोंडात नाहीतर पंज्यात देणं ही दगडात कोरलेली भाषा आपल्याला नवी नाही, त्यामुळे दानीएलच्या वाचकांना हे राज्यांबद्दल आहे हे सांगावं लागलं नसणार. पण प्रत्येक हत्तीला पत्ता असलाच पाहिजे असं नाही. तीन फासळ्या म्हणजे भूक भागलेली नाही, एवढंही पुरे.

आता दुसरी बाजू, आणि इथे रोमवाल्यांचा पाय घसरतो. लहान शिंग. सातव्यात लहान शिंग आहे तसंच आठव्यातही लहान शिंग आहे, आणि आठव्यातलं बकऱ्याच्या चार शिंगांपैकी एकातून फुटतं, म्हणजे ग्रीकांमधलाच राजा. तो अंतियोखस चौथा, एपिफानेस, हे रोमवालेही बहुतेक मानतात. सेल्युकस घराण्यातला, इ.स.पू. १७५ ते १६४ राज्य, नाण्यांवर स्वतःला देव म्हणवून घेतलं, १६७ ला यरुशलेमचं मंदिर विटाळलं, नित्याचं अर्पण बंद, शब्बाथ पाळणाऱ्याला शिक्षा, सुंता केली तर मरण. सातव्यातलं शिंग काय करतं? परात्पराविरुद्ध बोलतं, पवित्र जनांना छळतं, सण आणि नियम बदलू बघतं, आणि हे सगळं साडेतीन काळ, म्हणजे साडेतीन वर्षं, चालतं. १६४ ला मक्काबी या यहुदी बंडखोरांनी मंदिर परत शुद्ध केलं, त्याचाच सण म्हणजे हनुक्का, म्हणजे मधला काळ तीन वर्षांचा. अगदी साडेतीन नाही, पण किती जवळ ते बघा. रोमवाले म्हणतात की ही दोन वेगळी लहान शिंगं, एक चार शिंगांतून आलेलं आणि एक दहांमधून. व्याकरणाने बरोबर आहे, पण शेजारशेजारच्या दोन अध्यायांत सारखंच नाव, सारखंच वागणं आणि माणसं दोन, तेही मधे शतकांचं अंतर, हे मला जड जातं.

ग्रीसच्या बाजूने अजून एक मुद्दा आहे जो चार्टवर कधी नसतो. दुसऱ्या अध्यायात राजाला स्वप्नात चार राज्यांचा एक पुतळा दिसतो आणि एक दगड तो फोडतो, त्या पुतळ्याच्या पायात लोखंड आणि माती मिसळलेली, आणि अर्थ सांगताना म्हटलंय की ते सोयरीक करतील तरी एकमेकांना चिकटणार नाहीत. सेल्युकस (सिरिया) आणि टॉलेमी (मिसर) या दोन घराण्यांनी अक्षरशः हेच केलं, अंतियोखस दुसऱ्याला मिसरची बेरेनिके दिली आणि त्याचा शेवट खुनात झाला, पुढे अंतियोखस तिसऱ्याने आपली मुलगी क्लिओपात्रा टॉलेमी पाचव्याला दिली तरी जमलं नाही, आणि अकराव्या अध्यायात या दोन्ही लग्नांकडे बोट आहे. रोमच्या इतिहासात या वचनाला इतकं चपखल काय बसतं ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही. आणि तुडवणारं ते बिननावाचं चौथं जनावर काही अभ्यासकांना युद्धातला हत्ती वाटतो, सेल्युकसाचं सैन्य हत्तींसाठीच प्रसिद्ध होतं आणि ते ५०० हत्ती त्याला दिले आपल्या चंद्रगुप्त मौर्याने. ठाम नाही म्हणणार, पण मजा आहे.

ग्रीसवाल्यांची खरी अडचण मेदी. बाबेलनंतर मेदींचं वेगळं साम्राज्य इतिहासात झालंच नाही, पारसी राजा कोरेशने (सायरस) मेदींना इ.स.पू. ५५० लाच खिशात घातलं होतं, बाबेल पडायच्या अकरा वर्षं आधी. त्यावर ते म्हणतात की पुस्तकाच्या स्वतःच्या गोष्टीत बेलशस्सरानंतर दारयावेश मेदी गादीवर येतो आणि मग कोरेश पारसी, म्हणजे लेखकाच्या डोळ्यांसमोर क्रम तोच आहे. उत्तर हुशार आहे, पण वर सांगितलेला एकच एडका त्याला आडवा येतो. थोडक्यात प्राणी मोजले तर रोम बसतं आणि शिंग बघितलं तर ग्रीस बसतं, दोन्ही चार्टांचा एकेक पाय आखूड.

आता मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ज्या गोष्टीची भीती वाटते ती. ग्रीस म्हटलं की पुस्तक अंतियोखसच्या काळातच लिहिलं, म्हणजे ते आधी सांगितलेलं भविष्य नाहीच, असं मानावं लागतं का? तिसऱ्या शतकात पॉर्फिरी नावाच्या ख्रिस्तीविरोधी तत्त्ववेत्त्याने तसंच म्हटलं होतं आणि चर्चमधला जुना विद्वान जेरोम याने त्याला दानीएलवरच्या आपल्या भाष्यात उत्तरं दिली. आज विद्यापीठांतले बहुतेक अभ्यासक कालाच्या बाबतीत पॉर्फिरीच्या बाजूला आहेत. पण या दोन गोष्टींची गाठ सक्तीची नाही, देवाने दानीएलला आधीच दाखवलं असं मानूनही चौथं राज्य ग्रीस म्हणता येतं, जुन्या सिरियाक परंपरेत तसं वाचणारे श्रद्धावंत होतेच. त्यामुळे कोणी ग्रीस म्हटल्यावर लगेच त्याचा विश्वास मोजायला बसू नका.

मग रोम आलं कुठून? यहुदी इतिहासकार जोसेफस पहिल्या शतकाच्या शेवटी लिहितो की दानीएलने रोमी सत्तेबद्दलही लिहिलंय, आणि पुतळा फोडणाऱ्या दगडाचा अर्थ मात्र सांगायचं टाळतो, रोमच्या आश्रयाने जगणारा माणूस, काय बोलणार बिचारा. त्याच सुमाराचं एज्राचं चौथं पुस्तक, आपल्या बायबलमध्ये नसलेलं एक यहुदी पुस्तक, तर भारी आहे. तिथे समुद्रातून एक गरुड येतो, उघड उघड रोम, आणि देव सांगतो की हे तेच चौथं राज्य जे तुझा भाऊ दानीएल याला दिसलं, पण आता तुला सांगतोय तसं त्याला सांगितलं नव्हतं. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा चार्टांवरचा राग गेला. म्हणजे दर्शनाला नवा अर्थ देतोय हे लपवलेलं नाही, जुलूम करणारं राज्य बदललं तसा चौथा प्राणी पुढे सरकला. येशूही मत्तय २४ मध्ये दानीएलने सांगितलेला ओसाडीचा अमंगळ पदार्थ (मंदिर विटाळणारी वस्तू) पुढे दिसणार असं म्हणतो, म्हणजे त्याच्या लेखी अंतियोखसवर विषय संपलेला नव्हता. रोमवाल्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा मला तरी अस्वल नाही, हा वाटतो.

रोमवर थांबलं तर बरं, पण चार्ट थांबत नाहीत, कारण रोम पडलं आणि मानवपुत्राचं राज्य डोळ्यांना दिसेना. इथे रोमवाल्यांच्या दोन वाटा होतात. इतिहासवाले म्हणतात दहा शिंगं म्हणजे रोम फुटून झालेली युरोपातली राज्यं आणि लहान शिंग म्हणजे पोपची सत्ता. धर्मसुधारणेच्या काळातल्या प्रोटेस्टंटांचं हे आवडतं, न्यूटनसारखा माणूससुद्धा यात होता. साडेतीन काळ म्हणजे १२६० दिवस, आणि एक दिवस म्हणजे एक वर्ष धरून १२६० वर्षं मोजतात, इ.स. ५३८ ते १७९८, कारण १७९८ ला फ्रेंच जनरल बर्थिए रोममध्ये शिरला आणि पोप पायस सहावा कैद झाला. याच हिशेबाने विल्यम मिलर या अमेरिकन प्रचारकाच्या लोकांनी दानीएल ८ मधले २३०० दिवस इ.स.पू. ४५७ पासून वर्षं धरून मोजले, २२ ऑक्टोबर १८४४ ला सगळे येशूच्या परत येण्याची वाट बघत बसले आणि काही झालं नाही. भविष्यवाले म्हणतात दहा शिंगं अजून यायचीत, रोम परत उभं राहणार, मधली शतकं गाळलेली. ही मांडणी १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलमुळे, म्हणजे त्यातल्या टिपांमुळे, घराघरात गेली. लहानपणी आमच्याकडे बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने कापडी चार्ट आणला होता, दहा शिंगं म्हणजे युरोपातले दहा देश, नावं सुंदर अक्षरात रंगवलेली. १९८१ ला ग्रीस युरोपियन समुदायात आल्यावर दहा झालेही होते, पण १९८६ ला स्पेन आणि पोर्तुगाल आले आणि बारा झाले, चार्ट आमच्याकडे पोचला तोवर शिळा झालेला. वडील घरी येऊन एवढंच म्हणाले, शिंगं दोन जास्त झाली की. तेव्हापासून जी मांडणी वर्तमानपत्र बघून दुरुस्त करावी लागते ती मी शिकवत नाही.

तर निवड. एकाच मीटिंगमध्ये उरकायचं असेल आणि मंडळी रोमवरच वाढलेली असेल तर रोमचा चार्ट लावा, पण पुढची दहा नावं झाका आणि अंतियोखसची गोष्ट पूर्ण सांगा, नाहीतर आठवा अध्याय उघडला की पोरं प्रश्न विचारतील आणि तुम्ही अडकाल. कॉलेजची, इतिहास वाचणारी पोरं असतील तर ग्रीसपासून सुरू करा, मेदींची अडचण स्वतःहून आधी सांगून टाका. तारखा काढायची हौस असलेला कोणी ग्रुपमध्ये असला तर त्याला १८४४ चा अभ्यास करून यायला सांगा.

माझ्याकडे चार आठवडे असतात तेव्हा मी चार्ट लावतच नाही. पहिल्या आठवड्यात कोरे कागद वाटून फक्त वाचून चार प्राणी काढायला लावतो, दुसऱ्यात आठवा अध्याय आणि अंतियोखस, तिसऱ्यात तो गरुड आणि रोम. चौथ्यात प्रकटीकरण १३ मधलं समुद्रातून येणारं श्वापद, अंग चित्त्याचं, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं, दहा शिंगं आणि सात डोकी. पहिल्या आठवड्यातली चित्रं परत बाहेर काढायची, कात्री आणि गम द्यायचा आणि तेच कापून हे नवं जनावर तयार करायला सांगायचं. सात डोकी कुठून आणायची म्हणून पोरं अडतात, मग कोणीतरी जुनी डोकी मोजतं, सिंहाचं एक, अस्वलाचं एक, चित्त्याची चार, शेवटच्याचं एक.