घुंगुरकाठी : एकट्याच्या भटकंतीत पावसाळा आणि हिवाळा काढल्यावर

आठवडी बाजारातून घेतलेली साधी काठी. खांद्याएवढा भरीव बांबू, खाली लोखंडी टोपण, वर चामडी वादीत ओवलेली पितळी घुंगरं. जूनपासून राधानगरी अभयारण्यालगतच्या रानवाटांवर आणि कोकणात उतरणाऱ्या घाटांत एकटा फिरताना हीच हातात असते.

जनावर पळवून लावायला ही काठी नाही, आपण येतोय ही वर्दी द्यायला आहे. कारवीच्या दाट झुडपांत चार हातांपलीकडचं दिसत नाही. गवा किंवा अस्वल अंगावर येतं ते बहुधा अचानक समोरासमोर गाठ पडली तर. एका वळणावर एकांडा गवा चरत होता. मी दिसायच्या आधीच त्याने मान वर केली होती. कान माझ्या दिशेला, तोंडातलं गवत तसंच लोंबतंय. घुंगरं मुठीत दाबली आणि पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे घेतलं. जोरात फुसकारून तो उताराला लागला. एकदा नजरानजर झाली की काठी वाजवत राहण्यात शहाणपण नाही. बिबट्या अजून भेटलेला नाही. भेटलाच तर पळायचं नाही, खाली वाकायचं नाही, काठी उंच धरून ओरडायचं.

सापांसाठी घुंगरांपेक्षा टोपण कामाचं. सापाला बाहेरचे कान नसतात, पण जमिनीचे हादरे नेमके कळतात. काठी आपटत गेलं की धामण, नाग बाजूला होतात. घोणस आणि फुरसं मात्र बरेचदा जागचे हलतच नाहीत. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, जांभ्या दगडात बसलेलं फुरसं तर दिसतही नाही. तिथे घोट्यावर येणारे बूट आणि चांगली विजेरी हवीच. दंश झालाच तर काठीबिठी विसरा, १०८ ला फोन करा आणि सर्पदंशाची लस असलेलं सरकारी रुग्णालय गाठा.

आता सगळ्यात मोठी उणीव. आपल्या गडांवर बिबट्याइतकीच, किंबहुना त्याहून जास्त धास्ती बाळगावी ती आग्या मोहोळाची, आणि तिथे ही काठी शून्य. उलट कड्याखालून जाताना आवाज नको, अत्तर नको, धूर तर नकोच. अशा टप्प्यात मी घुंगरांना रुमाल गुंडाळतो. पोळं उठलंच तर तोंड-डोकं झाकून लांब पळणं एवढंच हातात असतं.

बारीकसारीक तक्रारी : श्रावणात चामडी वादी कुजून तुटली, आता नायलॉनची दोरी आहे. पितळ हिरवं पडतं, चिंचेने घासलं की भागतं. शेकरू किंवा पक्षी बघायला निघाला असाल तर हिचा काही उपयोग नाही, सगळं रान आधीच चिडीचूप होतं.

घ्यायची तर घुंगरं पक्की जडवलेली नको, सोडता येतील अशी बघा. पहाटेच्या एसटीत शेजारचा झोपलेला माणूस दोनदा दचकून उठला की कंडक्टर काय बोलतो, ते मी ऐकून घेतलंय.