बगॅस बॉयलरला, पाचट रानाला: ब्राझील, मॉरिशस आणि आपण

येत्या वार्षिक सभेत तुमच्या साखर कारखान्याचा को-जन (बगॅस जाळून वीज करायचा प्रकल्प) वाढवायचा ठराव येणार असेल, सोबत पाचटाच्या, म्हणजे तोडीनंतर रानात उरणाऱ्या उसाच्या वाळल्या पानांच्या, गाठी विकत घेण्याचाही, तर हात वर करण्याआधी ब्राझील आणि मॉरिशसकडे नीट बघा. दाखले त्यांचेच दिले जातात.

आधी आपलं. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला चोथा, पडतो, त्यात निम्मं पाणी. गुऱ्हाळावर चिपाडं उन्हात पसरून कडकडीत वाळवतात, मगच जळव्या ती चुलवाणात सारतो. कारखान्याला एवढी सवड नसते, ओलाच बगॅस भट्टीत जातो. म्हणून मदार बॉयलरच्या दाबावर. जुन्या २१ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला २१ किलो वाफेचा दाब) बॉयलरवर वीज कारखान्यापुरतीच निघते. ८७ किंवा ११० किलोच्या बॉयलरवर तेवढ्याच बगॅसात कारखाना चालून विकायलाही उरते. हे काम को-जनने चोख केलंय, माझं मत त्याच्या बाजूनेच आहे.

अडचण हंगामाची. आपलं गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं आणि उन्हाळ्यात विजेची मागणी चढते तेव्हा पट्टा पडत आलेला, म्हणजे गाळप संपत आलेलं असतं. ब्राझीलच्या साओ पावलो राज्यात गाळप एप्रिल ते नोव्हेंबर चालतं आणि तोच तिथला कोरडा काळ. धरणं उतरतात, जलविद्युत कमी पडते, नेमकी तेव्हा उसाची वीज हाताशी येते. हा मेळ निसर्गानेच घालून दिलाय, तो आपल्याला विकत आणता येणार नाही.

मॉरिशसने वर्षभर वीज द्यायची ठरवली. बगॅस संपला की त्याच भट्ट्यांत आयात कोळसा. संच बंद पडत नाहीत हे खरं, पण मग त्याला उसाची वीज कशाला म्हणायचं? एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून जरूर घ्यावी: तिथे शेतकऱ्याला बगॅसचा वेगळा मोबदला मिळतो. आपल्याकडे २०१३ च्या ऊसदर नियमन कायद्याचं सूत्र साखर, बगॅस, मळी आणि प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) धरून होणाऱ्या उत्पन्नाचे ७० टक्के उसाला द्यायचं आहे. तेव्हा स्वतःच्याच को-जनला जाणारा बगॅस कारखाना कोणत्या दराने धरणार, हे सभेत उभं राहून विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

आता पाचट. साओ पावलोत ऊस पेटवून तोडण्यावर २००२ च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने बंदी आली, यंत्रं आली आणि रानात पाचटाचा थर साचला. त्यातला काही भाग तिथले कारखाने उचलतात. पण पाचटासोबत माती येते, आणि त्यातल्या पालाश-क्लोरीनमुळे बॉयलरच्या नळ्यांवर राखेचे थर बसतात. आपलं रान लहान, तोड कोयत्याची, गाठी बांधून वाहायचा खर्च वेगळाच. शिवाय हेक्टरी ८ ते १० टन पाचट म्हणजे रानाचं घरचं खत आहे. ते पेटवू तर नकाच, विकूही नका.

पटत नसेल तर एप्रिलमध्ये एखाद्या खोडव्यात (तोडीनंतर बुडख्यातून फुटलेल्या उसात) जा. भर दुपारी सरीतलं पाचट हाताने बाजूला करा. पाणी देऊन आठवडा झाला असला तरी खाली माती ओली लागते, आणि बोटाला गांडूळ लागतं.