रोज एक पान फाडायची दिनविशेष दिनदर्शिका

शाळेत सकाळी फळ्यावर दिनविशेष लिहायचं काम माझ्याकडे, म्हणून ही घेतली. मजकुरावर मी बेहद्द खूश आहे. २४ एप्रिलचं पान तर वहीत चिकटवून ठेवलंय. १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ मंगेशकर गेले, १९७३ मध्ये सचिनचा जन्म, १९९३ मध्ये पंचायत राजची ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. आणि १९९८ चं शारजा! पंचविसाव्या वाढदिवशी, अंतिम सामन्यात, ऑस्ट्रेलियाविरुद्ध १३४ धावा. फळ्यावर लिहितानाही अंगावर काटा आला. मागच्या बाकावरची पोरं त्या दिवशी स्वतःहून पुढे येऊन वाचत होती.

कागद जाड आहे, खडूच्या हातांनी मळत नाही. अक्षर मात्र फारच बारीक; खालच्या दोन ओळींसाठी चष्मा काढावाच लागतो. पुढच्या वर्षाचीही दुकानात सांगून ठेवलीय.