दहा बाय दहाच्या खोलीत सोळा डब्यांची गाडी : अकरा महिने वापरल्यानंतर

लहानपणी डोंबिवलीला पुलावर उभं राहून मेल गाड्यांचे डबे मोजायचो. चोवीस पूर्ण झाल्याशिवाय बाबांना हलू द्यायचो नाही. त्यामुळे मॉडेल ट्रेन घ्यायची ठरवली तेव्हा एकच अट होती, गाडी पूर्ण हवी. इंजिनामागे चार डबे लावून 'एक्सप्रेस' म्हणायचं हे मला जमत नाही, मनाला पटतच नाही.

आता हिशोब बघा. एलएचबी म्हणजे नव्या पद्धतीचा रेल्वे डबा साधारण २४ मीटरचा. एचओ या मॉडेलच्या मापात, म्हणजे १:८७ मध्ये तो २७ सेंटीमीटरच्या आसपास येतो, चोवीस डब्यांचे झाले साडेसहा मीटर, इंजिन वेगळं, आणि एवढे लांब डबे नीट वळायला निदान ६० सेंटीमीटर त्रिज्येचं वळण पाहिजे. माझी खोली १० बाय १० फूट. म्हणून एचओचा नाद सोडला आणि त्याहून लहान मापाच्या जपानी एन गेजवर आलो. रूळ ९ मिलिमीटरचे, शिंकान्सेनचं (जपानी बुलेट ट्रेनचं) स्केल १:१६०. माझी गाडी त्यातली एन७००ए. खरी एन७००ए सोळा डब्यांची, लांबी ४०४.७ मीटर, मॉडेलमध्ये अडीच मीटर. म्हणजे एकही डबा न कापता अख्खी गाडी घरात बसते. रूळ काटो या जपानी कंपनीचे युनिट्रॅक, ज्यात खडीचा बेस रुळालाच जोडलेला असतो.

सुरुवातीला टेबलावर मांडलं होतं, ४ बाय अडीच फूट, ३१५ मिलिमीटर त्रिज्येची वळणं. पूर्ण फेरी जेमतेम तीन मीटरची आणि गाडी अडीच मीटरची, म्हणजे तोंड स्वतःच्याच शेपटीमागे धावतंय असं दिसायचं. आठ डबे काढून ठेवले तर बरं दिसायचं पण मग सोळा घेतले कशाला?

मग मे महिन्यात भिंतीला फळी मारली, चारी बाजूंनी, साडेचार फुटांवर, रुंदी फक्त सहा इंच, कोपऱ्यात तिकोनी तुकडे. कपाट हॉलमध्ये हलवायला आईला तयार करण्यात दोन आठवडे गेले. पण फेरी झाली अकरा मीटरची. चाळीस सेकंदांत एक फेरी धरली तर स्केलच्या हिशोबाने ताशी १५८ किलोमीटर, बघायला अगदी योग्य वाटतो तो वेग. टेबलावर त्याच वेगात अकरा सेकंदांत फेरी संपायची, म्हणजे नुसतं गरगर.

आणि खरा फरक पडला तो उंचीने. टेबलावर आपण वरून बघतो, डोकं आणि शेपूट एकदम दिसतं, मग गाडी कितीही लांब असो ती खेळण्यातलीच वाटते. डोळ्यांच्या उंचीवर आली की डबे एकामागून एक समोरून जात राहतात, तोंड कधीच वळणापलीकडे गेलेलं असतं आणि तरी डबे येतच असतात. पहिल्या दिवशी मी खुर्चीत बसून मोजले, सोळा. पुन्हा मोजले. जागा कमी असेल तर टेबल घेऊ नका, भिंत घ्या, हे मी आता कोणालाही छातीठोकपणे सांगेन.

स्टेशन मात्र मनासारखं झालं नाही. वळणं वजा जाता सरळ भाग सव्वादोन मीटरचाच उरतो, त्यामुळे शेवटचे दोन डबे वळणावर उभे राहतात. दुसरी गाडी उभी करायला लूप, म्हणजे बाजूची जोडलाइन घेतली, तर त्यात दोन टोकांना १८६ मिलिमीटरचे दोन सांधे (रूळ बदलायचे तुकडे), मध्ये अडीच मीटर गाडी, थोडी सोडलेली जागा, एकूण तीन मीटर. एका भिंतीवर मावत नाही म्हणून तो कोपऱ्यावरून वळवला. मेन लाइन ३४८ त्रिज्येची आणि लूप ३१५ ची, बरोबर ३३ मिलिमीटरचं अंतर राहतं, डबे एकमेकांना घासत नाहीत. लांब गाडीला पळायला जागा मिळते हो, उभं राहायला मिळत नाही, म्हणून आधी लूप आखा मग बाकीचं.

दरवाजापाशी उचलून काढायचा पूल आहे. तिथे काटोचा ७८ ते १०८ मिलिमीटर सरकणारा एक्स्पान्शन ट्रॅक लावला, सरकवला की पूल मोकळा. जूनमध्ये आई चहा घेऊन आली, तिने पूल उचलला आणि गाडी आली. दोन डबे खाली, डबे जोडणारा एक कपलर तुटला. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मग पूल काढला की आधीच्या पाऊण मीटर रुळाचा करंट बंद होईल असं वायरिंग केलं, कडेला फोमचा तुकडा ठेवून टेस्ट केली, तरी गाडीचं नाक फोमवर आपटलं! कारण मोटर पुढच्या डब्यात नाहीच, मधल्या डब्यात आहे. पुढचे सात डबे बंद भागात शिरले तरी मोटरला मागून करंट मिळतोच आणि ती ढकलत राहते. सात डबे म्हणजे १.१ मीटर, म्हणून बंद भाग दीड मीटर केला, आता वेळेत थांबते.

पावसाळ्यात साधं प्लाय फुगलं, एका जोडावर जेमतेम एक मिलिमीटरचा उंचवटा आला आणि रोज तोच सहावा डबा तिथेच उतरायचा. सुताराने रंधा मारला, वरून वार्निश, मग त्रास नाही. मांडायच्या आधीच वार्निश करून घ्या. लांब फेरीत पलीकडच्या भिंतीवर गाडी मंदावायची कारण प्रत्येक जोडावर थोडा थोडा व्होल्टेज जातो, समोरासमोर रुळाला करंट देणारी दुसरी फीडर वायर दिल्यावर वेग सारखा झाला (निळी-पांढरी उलट लागू देऊ नका, शॉर्ट होईल). इंजिनाची मालगाडी असेल तर जड डबे पुढे आणि हलके मागे, नाहीतर इंजिनामागचा रिकामा डबा वळणावर आतल्या बाजूला ओढला जाऊन पडतो. चढ देऊ नका. मी ४ टक्क्यांचा देऊन बघितला, सपाटीवर सोळा ओढणारं इंजिन आठ डब्यांत चाकं फिरवत बसलं. धूळ तर आहेच, रविवारी आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसतो, वीस मिनिटं लागतात.

भाड्याच्या घरात भिंतीला भोकं पाडता येत नसतील तर सुट्टीच्या दिवशी जमिनीवरच मोठी फेरी मांडा, युनिट्रॅक पंधरा मिनिटांत लागतो आणि निघतोही. गाडीची लांबी फेरीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त ठेवू नका, माझी एक चतुर्थांशाच्या आत आहे आणि छान दिसते.

आई आता दारात उभी राहून विचारते, "गेली का रे पूर्ण?" मी शेवटचा डबा बघून हो म्हणतो, मग ती पूल उचलते.