पुण्यात उणे चाळीस अंश, आणि माझे ३५,९९० रुपये

गॅरेजवाले सेन्सरपासून सुरू करून गिऱ्हाइकाला ईसीएमपर्यंत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरपर्यंत, कसं नेतात, हे गाडीवाल्या बहुतेकांना ऐकून माहीत असतं. मलाही माहीत होतं. तरी ३५,९९० रुपये गेले. खऱ्या दुरुस्तीला लागले ३५०. आकडे मुद्दाम आधीच लिहितोय, कारण ज्याला सांगावं तो आधी आकडा विचारतो आणि मग "तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाने..." सुरू करतो. ते भरपूर ऐकून झालंय.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, वॉरंटी संपलेली. चेक इंजिनची पिवळी लाईट लागली. किल्ली फिरवल्यापासून रेडिएटरचा पंखा थांबेचना आणि पेट्रोलही जास्त जायला लागलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आठवड्याभराचं वेटिंग होतं, म्हणून घराजवळच्या गॅरेजला गेलो. चकाचक पाटी, आत एसी केबिन, टेबलावर लॅपटॉप. झाडाखालच्या मिस्त्रीकडे गेलो असतो आणि फसलो असतो तर मीच मूर्ख, पण इथे तसं काहीच दिसत नव्हतं.

स्कॅनर लावला, कोड आला पी ०११८. कूलंट टेंपरेचर सेन्सरचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं सर्किट, इनपुट हाय. आता मला पाठ झालंय की हा कोड सेन्सर गेला असं म्हणतच नाही. सेन्सर, त्याचा कनेक्टर, तिथून ईसीएमकडे जाणाऱ्या दोन वायरी आणि ईसीएम, यांत कुठेतरी जोड तुटलाय एवढंच तो सांगतो. कुठे, ते व्होल्ट मोजायचा मीटर लावून शोधायचं असतं. मीटर कोणी बाहेर काढलाच नाही. सेन्सर १,४५०, मजुरी ४००. आणि बिलात "वायरिंग चेकिंग ९००". हे नऊशे मला बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त झोंबतात.

आता तो क्षण. गाडी रात्रभर त्यांच्याकडेच उभी होती. सकाळी मी ड्रायव्हरच्या सीटवर, गॅरेजवाला शेजारी, मांडीवर लॅपटॉप. इंजिन थंडगार. स्क्रीनवर कूलंटचं तापमान होतं उणे चाळीस. पुण्यात, ऑगस्टमध्ये, उणे चाळीस! मी हसून म्हणालो, "अहो, हे काय?" तो म्हणाला, "साहेब, सेन्सर गेला की असंच दाखवतं." आणि हे अर्धं खरं आहे, म्हणून तर गळी उतरलं. थंडीत या सेन्सरचा विजेला होणारा विरोध (रेझिस्टन्स) वाढतो. जोड पूर्ण तुटला की ईसीएमला विरोध अमर्याद वाटतो आणि तो मोजपट्टीचं शेवटचं टोक दाखवतो, बहुतेक गाड्यांत उणे चाळीस. पण नवा सेन्सर त्याने आदल्या संध्याकाळीच बसवला होता! नवा सेन्सर लावूनही उणे चाळीस येतंय, म्हणजे दोष सेन्सरमध्ये नव्हताच, पुढे कुठेतरी होता. हे तिथेच, त्या सीटवर, कळायला हवं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने लॅपटॉप स्वतःकडे वळवला, पोऱ्याला हाक मारली, "बॉनेट उघड रे", वायरींचा गठ्ठा इकडेतिकडे केला, कोड पुसला. लाईट गेली. मी पैसे दिले आणि ऑफिसला पळालो. मी बँकेत काम करतो. थर्मिस्टर (म्हणजे असला तापमानाचा सेन्सर) कशाशी खातात हे मला का माहीत असावं? डॉक्टरकडे जाताना आपण एमबीबीएस करून जातो का?

कोड पुसला की लाईट जाते, दोष जात नाही. स्कॅनर असलेला कुणीही दहा सेकंदांत पुसतो. "बघा, गेली" म्हणून कुणी पैसे मागितले तर आधी थंड इंजिनावर तापमान दाखव म्हणा. ते बाहेरच्या हवेच्या आसपास हवं.

लाईट परत आली. मग थर्मोस्टॅट आणि कूलंट, ३,२४०. कारण काय, तर "इंजिन गरमच होत नाहीये". पी ०११८ विजेचा दोष, थर्मोस्टॅट पाण्याच्या वाटेतली झडप. दोघांचा काही संबंध नाही. परत आली. मग केबिनमध्ये बसवून चहा पाजला आणि आवाज खाली आणून सांगितलं, "साहेब, ब्रेन गेलाय." नवा ईसीएम २६,५००, प्रोग्रॅमिंग ३,५००. पक्कं बिल केलं तर वर अठरा टक्के जीएसटी, "तुमचंच नुकसान". मी कच्च्या बिलावर तयार झालो. झालो तर झालो, तीस हजारांवर आणखी ५,४०० कोण देतं हौसेने? पैसे यूपीआयने त्याच्या मेव्हण्याच्या नंबरवर घेतले, "गॅरेजचं खातं अपडेट होतंय". गॅरेजच्या नावाच्या खात्याशिवाय एक रुपया देऊ नका. जुना ईसीएम मागितला तर म्हणाला, "तो एक्स्चेंजमध्ये कंपनीला जातो." बदललेला पार्ट हातात घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, मग तो साधा फिल्टर का असेना.

महिना बरा गेला. मग कात्रजच्या घाटात भर पावसात लाईट, पंखा, सगळं पुन्हा. साडूंनी त्यांच्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवलं. पत्र्याची शेड, स्टुलावर म्हातारे मिस्त्री. त्यांनी स्कॅनर लावला आणि तापमानाच्या आकड्यावर नजर ठेवून हार्नेस, म्हणजे तोच वायरींचा गठ्ठा, बोटाबोटाने हलवत गेले. बॅटरीच्या ट्रेजवळ हात आला आणि आकडा ब्याऐंशीवरून उणे चाळीस. सोडला, ब्याऐंशी. दाबला, उणे चाळीस. मग कनेक्टर काढून मीटर लावला. सिग्नलच्या वायरीवर पाच व्होल्ट हवेत, तिथे कधी पाच, कधी शून्य. ईसीएमच्या पिनेवर मात्र पाच ठाम. काळी टेप सोलली तर आत वायर उंदराने कुरतडलेली, तांब्याचे दोन-तीन तंतू उरलेले, तेही हिरवे पडलेले. गॅरेजवाला दर वेळी गठ्ठा हलवायचा आणि ते तंतू थोडे दिवस टेकायचे, म्हणून माझी गाडी 'दुरुस्त' व्हायची. मिस्त्रींनी कापून नवा तुकडा जोडला, सोल्डर केलं, वरून स्लीव्ह चढवली. ३५० रुपये. मी पाचशे देत होतो, घेतले नाहीत.

मग त्यांनी सहज विचारलं, "हा नवीन ईसीएम? ह्याच्या नटांवर तर पान्याची खूण पण नाही." नटांवर मातीचा थर जसाच्या तसा होता. गेल्या वर्षी बॅटरी बदलताना मी फोटो काढला होता, त्यात शेजारी ईसीएमचं स्टिकर आलंय. झूम करून पाहिलं. कोपरा फाटलेलं तेच स्टिकर, तोच सिरियल नंबर. २६,५०० रुपयांचा जो नवा ब्रेन घेतला, तो माझाच जुना. कुणाला बॉनेट उघडू देण्याआधी त्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा.

आता सरकारी दारं. पोलीस चौकीत हवालदारांनी फोटो पाहिलाच नाही. "गाडी चालू आहे ना? मग हे दिवाणी. ग्राहक मंचात जा." मी म्हणालो, फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत ३१८ कलम आहे. तर म्हणाले, "पहिल्यापासून हेतू होता हे सिद्ध करा." तोच डबा नवा म्हणून विकायला आणखी कुठला हेतू लागतो? अर्ज दिला तर पोचेचा शिक्का मारेनात, "साहेब बंदोबस्ताला गेलेत". साहेब कायम बंदोबस्ताला. आरटीओत खिडकीवरून खिडकीवर पाठवून शेवटी कळलं की ते नोंदणी, लायसन्स, फिटनेस बघतात, गॅरेज त्यांच्याकडे येत नाही. मग येतं कुणाकडे? केस कापायच्या दुकानासारखीच यालाही शॉप अॅक्टखाली नोंद. लाखोंच्या गाड्या उघडणाऱ्या माणसाला मीटर धरता येतो का, हे तपासणारं कोणी नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन तक्रार नोंदवून समोरच्याला कळवते, पण आदेश देणं तिच्या हातात नाही. गॅरेजवाल्याने उत्तर पाठवलं, "ग्राहक समाधानी होऊन गाडी घेऊन गेले."

राहिला जिल्हा ग्राहक आयोग, हवालदारांच्या भाषेत ग्राहक मंच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षांची. समोरच्याला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. चाचणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा असंही लिहिलंय, आणि ते वाचून दाखवल्यावर ओळखीचे वकील पोट धरून हसले. त्यांची फी १५,०००. वर म्हणाले, "पक्कं बिल तुम्हीच नको म्हणालात ना?" कच्च्या बिलाने वाचलेले ५,४०० असे अंगाशी आले. तरी कच्च्या कागदावर त्याच्या हातचं "न्यू ईसीएम" आहे, यूपीआयची नोंद आहे, आणि त्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला "ईसीएम चेंज झाला, गाडी रेडी" हा मेसेज आहे. दुरुस्तीचं बोलणं फोनवर करू नका, लिहून घ्या.

तक्रार मी स्वतःच लिहिली आणि ऑनलाइन भरली आहे. ३५,९९० परत, त्यावर व्याज, आणि मनस्तापाचे वेगळे. मिस्त्रींनी आपल्या सहीने लिहून दिलंय की दोष वायरीत होता आणि ईसीएम मूळचाच आहे. मला त्यांना असं मागायलाही संकोच वाटत होता, उद्या त्यांनाच त्रास नको. ते म्हणाले, "लिहा काय लिहायचं ते, मी सही करतो. उंदराने केलं त्याचे त्याने तीस हजार घेतले?"

गॅरेजवाल्याने माझा नंबर ब्लॉक केलाय. नोटीस अजून त्याच्यापर्यंत पोचायची आहे.