आतल्या दारांना काय लावावं: मॉर्टिस हँडल, गोल नॉब की अल्ड्रॉप?

दारं बसली की वाढई (सुतार) विचारतो, "आतल्या खोल्यांना काय लावू?" पोरांना दुकानातलं चकचकीत मॉर्टिस हँडल हवं असतं, घरातली मोठी माणसं अल्ड्रॉपच, म्हणजे आडव्या दांड्याची कडीच म्हणतात. माझं म्हणणं असं, की दुकानात जाण्याआधी घराचा पाया पाहा.

आपली विदर्भातली काळी माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असला की भिंत हलते अन् तिच्यासोबत चौकटही कलते. त्यात मे महिन्यात 45 अंशांत आटलेलं लाकूड मृगाच्या पावसानंतर फुगतं.

हे सगळं मॉर्टिस लॉकला, म्हणजे मॉर्टिस हँडलच्या कुलपाला, सर्वात जास्त बाधतं. त्याची पेटी दाराच्या जाडीत कोरून बसवायची असते अन् जीभ चौकटीतल्या पट्टीच्या भोकात नेमकी जावी लागते. चौकट दोन-तीन मिलिमीटर सरकली तरी जीभ पट्टीवर आपटते. मग घरचे दार खांद्यानं रेटतात अन् कुलूप खिळखिळं होतं. दार 35 मिमी जाड असेल तरच याच्या वाटेला जा. 30 मिमीच्या दारात खाच पाडल्यावर दोन्हीकडे लाकूड फारच कमी उरतं. पोकळ फ्लश डोअर (वरून सपाट दार) घेत असाल तर कुलपासाठीचा आतला लाकडी ठोकळा कोणत्या बाजूला आहे, ते विचारून तिथंच खूण करून घ्या. पण पाया पक्का अन् वाढई हाताचा चांगला असेल, तर यासारखी सोय नाही. दोन्ही हातांत ताटं असली तरी कोपरानं हँडल दाबता येतं, अन् बोटं आखडलेल्या आजीलाही दार उघडता येतं.

गोल नॉब लवकर बसतो, दाराला साधारण 54 मिमीचं भोक पाडलं की झालं. तरी मी तो सुचवत नाही. ओल्या हातातून तो निसटतो अन् म्हाताऱ्या माणसांना फिरवता येत नाही.

अल्ड्रॉपच्या दांड्याला कडीत थोडी मोकळीक असते, म्हणून चौकट जराशी कलली तरी तो लागतो. पायात मुरुमाची भरणी न करता काळ्या मातीत उभ्या केलेल्या घराला बाहेरून अल्ड्रॉप, आतून चिटकणी अन् धरायला साधं हँडल, हेच लावा. लहान लेकरं असतील तर चिटकणी वर, त्यांचा हात पोचणार नाही अशी लावा. नाहीतर ती स्वतःला कोंडून घेतात. न्हाणीघराला लोखंडी सामान नकोच. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात (जिथं जमिनीखालचं पाणी खारं असतं) तर ते फार लवकर गंजतं. तिथं चांगलं स्टेनलेस स्टील घ्या.

मॉर्टिसच ठरलं, तर उंची टाइल्स बसल्यावर मोजा, जमिनीपासून साधारण एक मीटर. जिभेची तिरपी बाजू दार ज्या दिशेनं लागतं तिकडे हवी. जिभेच्या टोकाला ओला खडू फासून ती आत दाबून धरा, दार लावा अन् मग सोडा. चौकटीवर पांढरी खूण उमटेल, पट्टीचं भोक तिथंच पाडा अन् उभ्यात जरा लांबट ठेवा, म्हणजे पावसाळ्यात दार अडणार नाही. सागवानात आधी बारीक ड्रिल मारल्याशिवाय पितळी स्क्रू पिळू नका, डोकं तुटून येतं. अन् वाढई हातोडीनं स्क्रू ठोकू लागला, तर तिथंच थांबवा. तसा ठोकलेला स्क्रू लाकडाला धरत नाही.